दहा लाख व्हाया: लूप, ॲरे की पीसेल?

चिपच्या लेआउटमध्ये हजार बाय हजार व्हायांची, म्हणजे दोन थरांना जोडणाऱ्या चौकोनी जोडण्यांची, जाळी स्क्रिप्टने काढायची आहे असं धरा. एकात एक दोन लूप लिहून सगळे चौकोन थेट टॉप सेलमध्ये (सेल म्हणजे नाव दिलेला आकारांचा गट; टॉप सेल सगळ्यांत वरचा) काढणं सर्वांत सोपं, आणि चित्रही बरोबर येतं. पण लेआउट साठवायच्या जीडीएस-२ फाइलमध्ये असा एक चौकोन ६४ बाइट घेतो. दहा लाखांचे झाले ६ कोटी ४० लाख, तेही एकाच लेअरचे.

आता चौकोन एका वेगळ्या सेलमध्ये एकदाच काढा आणि लूपमधून त्या सेलचे सुटे इन्स्टन्स ठेवा, म्हणजे प्रत्येक जागी आकाराऐवजी फक्त त्या सेलचा उल्लेख. सेलचं नाव चार अक्षरी असेल तर प्रत्येकी २८ बाइट. फाइल निम्म्याहून लहान होते, नोंदी मात्र दहा लाखच राहतात. तीच जाळी ॲरे म्हणून, म्हणजे सेल, ओळी-स्तंभांची संख्या आणि अंतर एवढंच सांगून, दिली तर एकच नोंद होते, ५२ बाइटची. हे बेरीज करून पाहिलं तेव्हापासून समान अंतराच्या जाळीसाठी मी लूप लिहिलेला नाही. त्याहून मोठा फायदा दुरुस्तीत आहे: व्हायाचं माप बदललं की एकाच सेलला हात लावायचा.

ॲरेत एक खाच आहे, आणि ती नीट समजून घ्या. के-लेआउट या लेआउट सॉफ्टवेअरमध्ये ॲरेचं अंतर डेटाबेस युनिटच्या (फाइलमधल्या सर्वांत लहान मापाच्या) पूर्णांकात साठवलं जातं. युनिट १ नॅनोमीटर आणि अंतर १३७.५ नॅनोमीटर असेल तर प्रत्येक पावलाला अर्ध्या नॅनोमीटरची चूक साचते; हजाराव्या व्हायापर्यंत ती जवळपास अर्धा मायक्रॉन होते. लूपमध्ये प्रत्येक जागा मूळ अंतरावरून स्वतंत्र काढली, तर चूक साचत नाही. असं अंतर टाळता येत नसेल तिथे सुटे इन्स्टन्सच घ्या. शिवाय जीडीएस-२ मध्ये एका ॲरेत स्तंभ किंवा ओळी ३२,७६७ पेक्षा जास्त बसत नाहीत.

पीसेल, म्हणजे दिलेल्या मापांवरून कोडने आकार काढणारा सेल, कधी? एकाच रचनेची मापं बदलत जातात तेव्हा, उदाहरणार्थ दहा वेगवेगळ्या रुंदींच्या टेस्ट स्ट्रक्चरसाठी. मापांच्या प्रत्येक नव्या संचामागे नवा सेल तयार होतो, म्हणून दहा रुंदींना तो उत्तम. हजारो वेगळी मापं दिलीत तर हायरार्कीचा, म्हणजे एकच सेल अनेकदा वापरण्याचा, फायदाच उरत नाही. फाइल दुसऱ्याकडे जाणार असेल तर पीसेलचा कोडही सोबत द्या. नाहीतर त्याला आकार दिसतील, मापं बदलता येणार नाहीत.

माझा कौल: आत पीसेल, बाहेर ॲरे. जाळीच्या कडेला डमी (नुसत्या भरीच्या) ओळी लागत असतील तर त्यांचा सेल सुरुवातीपासून वेगळा ठेवा. ॲरेतला एकच इन्स्टन्स नंतर बदलायचा म्हणजे अख्खा ॲरे फोडावा लागतो.