सेमिनारसाठी आयन चॅनेल की जीपीसीआर?

भाची डेक्कनजवळच्या कॉलेजात एमएस्सी करते. परवा अगदी रडकुंडीला येऊन म्हणाली, "मावशी, सेमिनारला आयन चॅनेल घेऊ की जीपीसीआर?" दोन्ही पेशीच्या पटलावरची प्रथिनं: आयन चॅनेल म्हणजे आयनांना आत-बाहेर सोडणारं दार, आणि जीपीसीआर (जी-प्रोटीन कपल्ड रिसेप्टर) म्हणजे बाहेरचा निरोप ओळखून आतल्या जी-प्रथिनाला कळवणारा रिसेप्टर. तिला सांगितलं ते असं.

वेगात चॅनेल पुढे. स्नायूवरचा एक रिसेप्टर स्वतःच चॅनेल असतो; त्याला मज्जातंतूतून सुटलेलं अ‍ॅसिटिलकोलिन चिकटलं की दार उघडतं, सोडियम आत घुसतो. सगळं काही मिलिसेकंदांत, मधे कुणी निरोप्या नाही.

जीपीसीआर सावकाश, पण त्याचा निरोप वाटेत वाढत जातो. अ‍ॅड्रेनालिन पेशीबाहेरच राहतं. रिसेप्टर आतल्या जी-प्रथिनाला जागं करतो, ते अ‍ॅडेनिलिल सायक्लेजला, आणि ते एन्झाइम सायक्लिक एएमपी या पेशीतल्या निरोप्याचे ढीगभर रेणू बनवतं. यकृतात शेवटी ग्लायकोजेन फुटून साखर रक्तात येते. मला ही साखळी फार देखणी वाटते. 2012चं रसायनशास्त्राचं नोबेल लेफ्कोवित्झ आणि कोबिल्का यांना याच रिसेप्टरांवरच्या कामासाठी मिळालं.

तयारी? चॅनेलला एक आकृती पुरते, जीपीसीआरला अख्खा फळा लागतो.

दहाच मिनिटं मिळणार असतील, मज्जासंस्था आवडत असेल, तर चॅनेल घे. औषधशास्त्रात जायचं असेल तर जीपीसीआरच. दम्याचं साल्ब्युटामॉल आणि रक्तदाबाचे बीटा-ब्लॉकर तिथेच काम करतात.