गल्लीचा रस्ता कशाचा मागायचा: डांबर, काँक्रीट की पेव्हर ब्लॉक?

आमच्या गल्लीत गेले तीन महिने एकच विषय चाललाय. नगरसेवक म्हणाले, निधीतून काम बसवतो, पण काय पाहिजे ते तुम्ही सगळ्यांनी मिळून एकदा ठरवा आणि सह्यांचं पत्र द्या. झालं, निम्मी गल्ली म्हणते काँक्रीटच, एकदा केलं की २० वर्षं बघायला नको, निम्मी म्हणते डांबरच बरं, लवकर होतं, आणि कोपऱ्यावरचे काका पेव्हर ब्लॉकवर अडून बसलेत. मी सिव्हिलचा डिप्लोमावाला, बरीच वर्षं रस्त्यांच्या कामावर सुपरवायझर म्हणून काढलीत, त्यामुळं सगळे मला विचारतात, आणि प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितोय. कोल्हापुरात दुसऱ्या कुठल्या गल्लीत हाच प्रश्न असेल तर त्यांनाही उपयोग होईल.

पत्र लिहायच्या आधी पाणी कुठं जातंय ते बघा. आम्ही काय केलं, एका रविवारी सकाळी गल्लीच्या वरच्या टोकाला टाकीचा पाईप लावून दहा मिनिटं पाणी सोडलं आणि त्याच्या मागनं चालत आलो. पाणी डाव्या बाजूनं नीट खाली आलं, पिठाच्या गिरणीपाशी वळलं आणि ड्रेनेजच्या चेंबरजवळ येऊन थांबलं. वाकून बघितलं तर चेंबरचं झाकण रस्त्यापेक्षा दोन बोटं वर. पाणी आत जाणार कसं? त्याच्या भोवती दरवर्षी जो खड्डा पडतो तो का पडतो हे त्या दहा मिनिटांत सगळ्यांना कळलं, काकांनासुद्धा.

आता डांबर. डांबराचा वैरी पाणी, हे कामावरचा प्रत्येक माणूस सांगतो, पण नेमकं काय होतं ते बघा. खडीला डांबर चिकटलेलं असतं, त्यावर पाणी साचून राहिलं आणि वरनं चाकं फिरत राहिली की पाणी खडी आणि डांबराच्या मधे शिरतं, डांबर खडीला सोडतं आणि खडी सुटी होऊन बाजूला उडते. म्हणजे उतार बरोबर असेल, पाणी पडलं की दोन मिनिटांत गटारीला लागत असेल, तर डांबरी रस्ता आपल्याकडं चांगला टिकतो, उगाच नावं ठेवायची गरज नाही. काम एक-दोन दिवसांत होतं, थंड झालं की गाड्या सुरू, आणि पुढं पाण्याची लाईन फुटली तर खणून परत पॅच मारता येतो. पण माल गरम पडला पाहिजे. माझ्या डोळ्यांसमोर एका कामावर दुपारी दोनला निघालेला डंपर वाटेत अडकून साडेपाचला आला होता, मालावर ताडपत्री नव्हती, माल इतका निवलेला की रोलर फिरवला तरी खडी वर दिसत होती, आणि तो रस्ता पहिल्याच पावसाळ्यात सोलून निघाला. म्हणून डांबर मागणार असाल तर काम मेअखेरच्या आत संपवायची अट घाला आणि त्या दिवशी गल्लीतलं कोणीतरी तिथं उभं राहा. मालातनं वाफ निघतेय का, खालचा रस्ता झाडून त्यावर टॅक कोट, म्हणजे नवा थर चिकटायला पातळ डांबराचा हात, मारलाय का, एवढं बघायला इंजिनिअर लागत नाही.

काँक्रीटचं आकर्षण सगळ्यांना आहे आणि ते बरोबरच आहे, पाणी साचलं तरी काँक्रीट डांबरासारखं सुटत नाही. पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, त्याच्या वर पाणी गेलं की सुतारवाडा, व्हीनस कॉर्नर या भागांत काय होतं ते २०१९ ला आणि परत २०२१ ला सगळ्यांनी बघितलंय. अशा सखल भागात, जिथं पाणी चार-चार दिवस उतरत नाही, तिथं मी दुसरा विचारच करणार नाही, काँक्रीटच मागा. पण दोन गोष्टी आधी तपासा. पहिली म्हणजे उंची. जुना रस्ता न खोदता त्याच्यावरच सहा इंच काँक्रीट ओतलं की रस्ता अर्धा फूट वर येतो. शिवाजी पेठेत माझ्या मित्राचं आजोबांच्या वेळचं घर आहे, लहानपणी आम्ही दोन पायऱ्या चढून आत जायचो, मग एकेक थर वाढत गेला आणि आता उंबरा ओलांडून एक पायरी खाली उतरावं लागतं. पावसाळ्यात त्याची आई दाराला गोणपाट आणि विटा लावून बसते, रात्री दोनला उठून पाणी उपसते. हे बघितलं की जीव तुटतो, कारण एस्टिमेटमधे खोदाईची एक ओळ असती तर हे झालंच नसतं. तेव्हा पत्रात स्पष्ट लिहा की आहे ती लेव्हल ठेवून, जुना थर काढून काम करावं.

दुसरी गोष्ट जमिनीखालची. काँक्रीट झाल्यावर सहा महिन्यांत कुणाचं तरी नळकनेक्शन गळतं, मग ब्रेकर लावून फोडायचं, आणि तो फोडलेला पट्टा नंतर कधी मूळच्यासारखा जुळत नाही. म्हणून आधी पाणीपुरवठ्याकडं विचारा, लाईन किती जुनी, बदलायची आहे का, ड्रेनेजचं काम कधी धरलंय. प्रत्येक घराचं जुनं कनेक्शन आधी बदलून घ्या आणि रस्त्याला आडवे दोन-तीन रिकामे पाईप टाकून ठेवा, म्हणजे उद्या केबल आली तरी फोडायला नको. माझ्या मते सार्वजनिक बांधकामातली सगळ्यात मोठी सुधारणा हीच आहे, यात मशीन नाही, फक्त दोन खात्यांनी एका टेबलावर बसायचं आहे. बाकी क्युरिंगची, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायची, तयारी ठेवा. वाफे करून किंवा गोणपाट टाकून रोज पाणी मारायला लागतं, काँक्रीटची पूर्ण ताकद २८ दिवसांनी धरतात, आणि निदान सुरुवातीचे पंधरा दिवस तरी गाड्या दुसऱ्या गल्लीत लावायच्या. घरात आजारी माणूस असेल, लग्न असेल, तर तारीख आधीच बघा.

पेव्हर ब्लॉकला लोक उगाच हिणवतात. बोळ असेल, फक्त दुचाकी आणि माणसं जात असतील, खालची लाईन वारंवार काढायला लागत असेल, तर त्याच्याइतकं सोयीचं काही नाही, ब्लॉक उचला, लाईन दुरुस्त करा, तेच ब्लॉक परत बसवा. फक्त खाली नीट दाबलेला खडीचा थर पाहिजे, त्यावर वाळू, आणि दोन्ही कडांना पक्कं कर्बिंग, म्हणजे ब्लॉक धरून ठेवणारी काठाची ओळ. कड मोकळी सोडली की वाळू पावसात वाहून जाते आणि ब्लॉक हलायला लागतात. जिथनं उसाचे ट्रॅक्टर किंवा वाळूचे डंपर जातात तिथं मात्र नको, चाकाच्या पट्ट्यात ब्लॉक खचतातच. काकांच्या बोळाला मी स्वतः पेव्हरच सुचवलंय, आख्ख्या गल्लीला नाही.

आता जुलैत पडलेल्या खड्ड्यांचं काय, हेही बरेच जण विचारतात. पावसात मुरूम टाकणं म्हणजे चिखल करणं, दुसऱ्या दिवशी खड्डा तेवढाच आणि वरनं घसरायची भीती. त्यापेक्षा पोत्यातनं येणारं कोल्ड मिक्स, म्हणजे खडी-डांबराचा तयार माल, बरं, ते गरम करायला लागत नाही आणि ओल असताना वापरता येतं. पण खड्डा चौकोनी कापून, आतलं पाणी आणि सुटी खडी काढून, थराथरानं भरून धुम्मसानं ठोकलं तरच ते राहतं, नुसतं ओतून फावड्यानं थापलं तर आठवडाभरात बाहेर. जेट पॅचर मशीन हवेच्या झोतानं खड्डा साफ करून त्यात खडी आणि इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर, मारतं, मुख्य रस्त्यावर चांगलं, अरुंद गल्लीत एवढी गाडी वळवणं अवघड. मास्टिक, म्हणजे डांबर, दगडाची भुकटी आणि बारीक खडीचं घट्ट मिश्रण, मात्र जबरदस्त, पाणी आत शिरूच देत नाही आणि रोलरही लागत नाही, पण ते जवळपास २०० अंशाला तापवून आणावं लागतं आणि महाग पडतं, म्हणून ते चौकात आणि पुलावर शोभतं.

प्लॅस्टिक घातलेल्या डांबराबद्दल आमच्या ग्रुपवर फार चर्चा झाली. मदुराईचे प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी ही पद्धत काढली, २०१८ ला त्यांना पद्मश्री मिळाली. तापलेल्या खडीवर आधी प्लॅस्टिकचे बारीक तुकडे टाकतात, ते वितळून खडीला लेप बसतो आणि मग डांबर पडतं, त्यामुळं पाणी खडीपर्यंत पोचायला अवघड जातं. प्लॅस्टिकचं प्रमाण डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के, आणि पीव्हीसी चालत नाही कारण तापवल्यावर विषारी वायू सुटतो. पद्धत चांगली आहे, डांबर ठरलं तर जरूर मागा, पण त्या चेंबरच्या झाकणासारखी चूक तशीच ठेवून वर प्लॅस्टिक घातलं तर पैसे फुकट जातील.

काहीही निवडलंत तरी दोषदायित्व कालावधी किती वर्षांचा आहे ते आपल्या विभागीय कार्यालयात जेईंना, म्हणजे कनिष्ठ अभियंत्यांना, विचारून लिहून घ्या, कारण त्या काळात रस्ता बिघडला तर ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा असतो, आणि बऱ्याच गल्ल्यांना हे माहीतच नसल्यानं दुरुस्तीला परत नवीन निधी जातो. काम पूर्ण झाल्याची तारीख, फोटो, कामाचं नाव, सगळं एका वहीत ठेवा.

आमचं असं ठरलं: गिरणीपासून खालचा सखल तुकडा काँक्रीट, जुना थर काढून, कनेक्शनं बदलून आणि चेंबर रस्त्याच्या लेव्हलला बसवून. वरचा उताराचा भाग डांबर. काकांचा बोळ पेव्हर. चाळीस घरांपैकी चौतीस घरांच्या सह्या झाल्यात, उरलेले सहा जण बाहेरगावी आहेत, ते रविवारी आले की सोमवारी पत्र द्यायचं.