कुंडलिकेकाठचा कॅम्प : वार्षिक पास, पोपटी आणि न बांधलेली दोरी

कोलाडच्या एका राफ्टिंग कॅम्पचा वार्षिक पास माझ्याकडे आहे. गेल्या रविवारी तिथून निघताना काउंटरवर डिपॉझिटमधून चारशे रुपये कापले. का, तर "तंबूचा पोल वाकलाय, काका." वाकला होता, नाही म्हणत नाही. पण शनिवारी तंबू ताब्यात घेतानाच वाकलेला होता आणि त्याचा फोटो मी तेव्हाच काढून ठेवला होता. अर्धा तास हुज्जत घातल्यावर दोनशे परत दिले. फोटो असताना अर्धेच का, हे अजून कळलेलं नाही. त्या रागात लिहितोय, तेवढं धरून वाचा.

त्यांना पोलवर बोट ठेवायला निमित्त मिळालं, कारण मी त्याला कपडे वाळत घालायला दोरी बांधली होती. ती बांधावी लागली, कारण कॅम्पवर धड दोरी नाही. म्हणजे एक आहे. दोन आंब्यांच्या मध्ये, पंधराएक हात, जिथे दुपारपर्यंत उन्हाचा कवडसा येत नाही. आणि शनिवार-रविवारी कॅम्पवर माणसं किती असतात ते कोलाडला गेलेल्यांना सांगायला नको.

सकाळी साज्याजवळ राफ्ट पाण्यात उतरवतात आणि दहा-बारा किलोमीटरनंतर बाहेर काढतात. त्यातून कोरडा बाहेर आलेला माणूस मी पाहिलेला नाही. म्हणजे अकरा-साडेअकराला अख्खा कॅम्प ओलाचिंब, आणि तंबू बाराला सोडायचा. आम्ही पुण्याचे. ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून विळे, ताम्हिणी, मुळशी करत घरी पोचेपर्यंत गाडीला जो वास लागतो तो बुधवारपर्यंत जात नाही. मुंबईकरांची गत आणखी वाईट. मुंबई-गोवा महामार्गावर पनवेल-इंदापूरचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, त्या रस्त्यावर ओल्या जीन्समध्ये बसलेल्या माणसाचा विचार करा.

ऊन आहे कुठे? नदीच्या पात्रात. दुपारी पाणी उतरलं की काळे खडक उघडे पडतात, हात ठेवता येत नाही इतके तापतात. साहजिकच लोक कपडे तिथे पसरतात. पण ही नदी इतर नद्यांसारखी नाही. मुळशी धरणाचं पाणी बोगद्यातून आणि नळांतून घाट उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं. टाटांनी ते १९२७ मध्ये सुरू केलं, आणि मुळशी सत्याग्रह झाला तो याच धरणासाठी. तिथून सुटलेल्या पाण्यावर खाली रावळज्याला पुन्हा वीज होते आणि मग ते कुंडलिकेत येतं. म्हणून एप्रिल-मेमध्ये बाकीच्या नद्यांत गोटे दिसत असताना इथे राफ्टिंग चालतं. येताना मुळशीला गाडी थांबवून आपण ज्याचे फोटो काढतो, त्याच पाण्यात दुसऱ्या दिवशी बुडतो म्हणा ना. पाणी सहसा सकाळी सोडतात, आणि खडक बघता बघता गायब होतात. संध्याकाळी पसरलेले कपडे रात्री तिथेच विसरले की संपलं. दिवाळीच्या सुट्टीत ठाण्याच्या एका कुटुंबाचे दोन टॉवेल आणि पोराची नवी ट्रॅकपँट अशीच रोह्याच्या दिशेने गेली. पुढच्या वेळी गेलो तर तिथे रंगवलेली पाटी : 'नदीपात्रात कपडे वाळत घालू नयेत.' पाटीला पैसे निघाले. नायलॉनची दोरी किराणा दुकानात शंभर-सव्वाशेला मिळते.

आता पाससाठी मोजलेल्या पैशांबद्दल. गणपतीनंतर घेतला तेव्हा पहिला महिना मी वैतागलो होतो. एकदा वीजनिर्मिती नाही म्हणून पाणी सुटलं नाही, राफ्टिंग रद्द. पैसे परत नाहीत, फक्त पुढची तारीख. आणि हे कळलं कधी, तर सकाळी सात वाजता, हेल्मेट डोक्यावर चढवल्यावर. तेव्हा दोन तारे देणार होतो. पण डिसेंबरपासून आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर निरोप येऊ लागला : उद्या पाणी आहे, इतक्या वाजता तयार राहा. मागच्या महिन्यात 'उद्या नाही' असाही आला, आणि आम्ही पुण्यातूनच निघालो नाही. डिझेल वाचलं. पाणी सोडणं कॅम्पच्या हातात नाही, कळवणं आहे, आणि ते आता करतात. एक तारा वाढवला.

दुसरा वाढला तो पोपटीमुळे, म्हणजे मडक्यात भाजलेल्या जेवणामुळे. जानेवारीत गेलो, तेव्हा तिथे काम करणाऱ्या गावातल्या मुलांनी रात्री लावली होती. पासमध्ये नव्हती, वेगळे पैसेही घेतले नाहीत. मडक्यात तळाला भांबुर्डा हा रानपाला, वर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, जाडं मीठ, तोंडाला पुन्हा भांबुर्ड्याचा बोळा. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पालापाचोळा पेटवायचा. शेंगांना जो उग्र, ओवा घातल्यासारखा वास लागतो तो त्या पाल्याचा. एरवी रात्रीच्या जेवणात मिळणारा पनीर मसाला आणि नूडल्स कोणासाठी असतात देव जाणे. शेकोटीवरचं बार्बेक्यू म्हणजे माणशी तीन तुकडे, चौथा मागितला की वाढप्या आभाळाकडे बघतो.

बाकी भरभर. संडास स्वच्छ, अगदी गर्दीतही. तंबू ओट्यांवर आणि पत्र्याखाली, पावसात आतून कोरडे. पत्र्यावरच्या आवाजाने झोप येत नाही ते वेगळं. गाणी दहाला बंद होतात, हे कौतुकाने सांगतो, कारण शेजारच्या कॅम्पला हा नियम माहीतच नसावा. झिपलाइन लहान आहे, पासमध्ये आहे म्हणून करा. कयाक दुपारच्या संथ पाण्यात चांगले, पण लाइफ जॅकेटचे बंद एकदा स्वतः ओढून बघा, काहींचे बकल सैल झालेत. हे मी लेखी कळवलंय, कारण हा दोरीसारखा गमतीचा विषय नाही.

मधल्या वारी गेलात तर हाच कॅम्प वेगळा वाटतो. माणसं कमी, आंब्यांमधली दोरी पुरते, तंबू बाराऐवजी दोनला सोडला तरी कोणी बोलत नाही. शनिवार-रविवारच्या पासपेक्षा मधल्या वारचा पास बराच स्वस्त आहे. बोर्डावर लिहिलेला नाही, विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

झाले चार, त्यातला अर्धा दोरी आणि पोलपायी कापला. साडेतीन तारे. नूतनीकरण सप्टेंबरात आहे, मधल्या वारचंच करीन. घेणार असाल तर तंबू ताब्यात घेताना चारही बाजूंनी फोटो काढा, पोलचे खास. आणि मुलांचं अर्धं तिकीट वयावर आहे, उंचीवर नाही. माझा पुतण्या नऊ वर्षांचा, अंगाने थोराड, त्याचं पूर्ण लावत होते. आधार कार्ड दाखवल्यावर गप्प बसले.