लाकडी व्हेस्पाचे आराखडे: सरावलेल्या हातांसाठी उत्तम, नवशिक्यांसाठी अपुरे

दहा इंची चाकांच्या जुन्या व्हेस्पा स्कूटरची एक चतुर्थांश आकाराची लाकडी प्रतिकृती घडवण्यासाठी परदेशातील एका हौशी कारागिराने तयार केलेला हा आराखड्यांचा संच फाइलच्या स्वरूपात विकत मिळतो. प्रमाणाच्या बाबतीत तो विश्वासार्ह आहे. मूळ ३.५०-१० मापाच्या टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ४३२ मिमी भरतो आणि आराखड्यात तो सव्वाचार इंच, म्हणजे सुमारे १०८ मिमी, दाखवला आहे. छपाई मात्र शंभर टक्के आकारातच करून घ्यावी, कारण छपाईच्या दुकानात पान कागदावर ‘बसवून’ देण्याची सवय असते.

संचाचा सर्वांत सरस भाग पुढच्या चाकाचा आहे. कोरादिनो द’आस्कानियो हे मुळात विमान अभियंते; १९४६ साली आलेल्या व्हेस्पात त्यांनी पुढचे चाक विमानाच्या चाकाप्रमाणे एकाच बाजूने धरले. लोखंडात सोपी वाटणारी ही रचना लाकडात नेमकी वाकणीवर, जिथे लाकडाची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, आडवी जाते तिथे, तडकते. म्हणूनच येथे चाक धरणारा दांडा अखंड न कापता तीन पातळ थर आडव्या-उभ्या रेषांनी चिकटवून करायला सांगितला आहे, आणि आसासाठी पोलादी सळई वापरली आहे. तयार चाक धरून मी मुद्दाम जोर देऊन पाहिला. सांधा हलला नाही.

मोठी उणीव आहे ती बाजूच्या फुगीर पॅनेलांची. त्यांची केवळ बाह्यरेषा दिली आहे. ठरावीक अंतरांवरचे आडवे छेद दिलेले नाहीत, त्यामुळे कानस किती चालवायची आणि कुठे थांबायचे हे सर्वस्वी नजरेवर सोपवलेले आहे. त्यातही उजव्या पॅनेलखाली इंजिन असल्याने दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या नसतात, याचा साधा उल्लेखही सूचनांत नाही. आपल्याकडे व्हेस्पाच्याच घडणीची बजाज चेतक चालवलेल्या, सुरू होत नसली की ती डावीकडे कलती करणाऱ्या पिढीला हे सांगावे लागणार नाही. इतरांची मात्र फसगत होईल.

मापे इंचात आहेत आणि त्याचा फटका अनपेक्षित ठिकाणी बसतो. मुख्य सांगाडा पाव इंची प्लायवुडच्या १२ थरांचा आहे. आपल्या बाजारातील ६ मिमी प्लाय वापरल्यास जाडी ४ मिमीहून अधिक कमी पडते, तेव्हा मधोमध एक जादा पातळ थर घालावाच लागतो.

पॅनेलांसाठी सागवानाची शिफारस केलेली आहे, ती मला पटली नाही. सागवानाच्या तेलकटपणामुळे चिकटवण्याआधी पृष्ठभाग दर वेळी पुसून घ्यावा लागतो. त्यापेक्षा शिवणीचे लाकूड मऊ असल्यामुळे असल्या गोलाईला अधिक सोयीचे आहे. टायर आणि सीटसाठी शिसवाचे तुकडे वापरल्यास काळा रंग देण्याची गरजच उरत नाही.