म्हाताऱ्या मांजरीची रया परत आणायची, तर वाटीत नक्की काय बदलायचं?

माझी मांजर शाई १३ वर्षांची झाली तेव्हा तिचा काळा रंग विटल्यासारखा दिसायला लागला. उजेडात बसली की पाठीवर तांबूस झाक, हात फिरवला की बोटांना कोंडा, शेपटीच्या मुळाशी केसांच्या गुठळ्या. मी लगेच फिश ऑइलची बाटली आणली. बहुतेक जण तेच करतात. आज पुन्हा निवडायचं झालं, तर तेलाचा नंबर मी दुसरा लावेन.

याचं कारण केसातच आहे. केस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिन. काळा रंगसुद्धा शरीर टायरोसिन या अमिनो आम्लापासून बनवतं. टायरोसिन आणि ते ज्यापासून बनतं ते फेनिलअलानिन कमी पडलं की काळ्या मांजरी तांबूस होतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. (उन्हानेही रंग उडतो, त्यामुळे तांबूस झाक दिसली की लगेच खाण्यावर खापर फोडू नका.) त्यात वयाची भर. १२ वर्षांपुढच्या साधारण तीनातल्या एका मांजरीला चरबी नीट पचत नाही, १४ नंतर पाचातल्या एकीला प्रथिनं. म्हणजे खाणं तेच, तेवढंच, पण अंगी कमी लागतं. ‘म्हातारी झाली, आता प्रथिनं कमी करू’ हा विचार मूत्रपिंडं धड असलेल्या मांजरीच्या बाबतीत उलटाच पडतो.

पण आधी केस कुठे बिघडलेत ते बघा. फक्त कंबर आणि शेपटीचं मूळ खराब असेल, तर बहुधा जीभ तिथपर्यंत पोचत नाही. मांजर लठ्ठ असेल, नाहीतर सांधे धरले असतील. १२ वर्षांपुढच्या मांजरींच्या एक्स-रेमध्ये सुमारे ९० टक्के जणींचे सांधे झिजलेले दिसले आहेत. सगळंच अंग निस्तेज असेल आणि मांजर भरपूर खाऊनही वाळत असेल, तर थायरॉइड तपासायला हवं. पाणी जास्त पीत असेल, तर मूत्रपिंड आणि साखर. एकाच बाजूने चावत असेल किंवा लाळ गळत असेल, तर दात. यातलं काही असलं तर आधी पशुवैद्य. खालची तुलना त्यानंतर कामाची.

आहे तेच कोरडं खाणं, वरून तेल

सगळ्यात सोपं. मांजरीशी भांडण नाही, सवय मोडायची नाही. पण तेल कुठलं, यात लोक फसतात. जवसाच्या तेलातल्या ओमेगा-३ पासून ईपीए आणि डीएचए (अंगाला थेट लागणारी ओमेगा-३ ची रूपं) बनवणं मांजरीच्या शरीराला फारसं जमत नाही, त्यामुळे माणसाला चालणारा हा शाकाहारी पर्याय तिच्या कामाचा नाही. माशाच्या अंगाचं तेल हवं. कॉड लिव्हर ऑइल ही वेगळी चीज आहे. त्यात अ आणि ड जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते साठत जाऊन विषारी ठरू शकतं. ‘१००० मिलिग्रॅम’ या मोठ्या आकड्यावरही जाऊ नका. तशा साध्या कॅप्सूलमध्ये अनेकदा ईपीए १८० आणि डीएचए १२० मिलिग्रॅमच असतं. मात्रा वजनावर ठरते, ती पशुवैद्याकडूनच घ्या. जास्त झालं की शी पातळ होते. बाटलीला खवट वास आला तर सरळ फेकून द्या.

त्वचा कोरडी आहे, पण खाण्यात प्रथिनं चांगली आहेत, अशा मांजरीला तेल शोभतं. मुळात प्रथिनच कमी असेल, तर वरवरचा मुलामा.

ओलं खाणं

माझा कौल इथे, पण पाकिटावरचा आकडा आधी डोळ्यांत धूळ फेकतो. कोरड्यावर प्रथिनं ३२ टक्के, ओल्यावर १०. कोण घेईल १० वालं? आता पाणी वजा करा. कोरड्यात पाणी १० टक्के, म्हणून ३२ भागिले ९०, साधारण ३६ टक्के. ओल्यात पाणी ७८ टक्के, म्हणून १० भागिले २२, साधारण ४५ टक्के. प्रत्येक पाऊचचं गणित असंच सुटेल असं नाही, म्हणून आपल्या हातातल्या दोन पाकिटांचं आपणच करून बघा. शिवाय पोटात पाणी जातं आणि दुखऱ्या दातांना चावावं लागत नाही. ‘संपूर्ण आहार’ असं छापलेलं आहे ना, तेवढं बघून घ्या. बरेच पाऊच नुसता खाऊ असतात.

अडचण एकच, पण मोठी. आयुष्यभर कुरुमकुरुम खाल्लेली मांजर ओल्याकडे ढुंकून बघत नाही. शाई ग्रेव्ही तेवढी चाटायची आणि तुकडे वाटीच्या कडेला ओळीने लावून ठेवायची. तुकडे काट्याने चुरडले, चमचाभर गरम पाणी घालून कोमट केले, वर तिचेच जुने दाणे कुटून भुरभुरले, तेव्हा कुठे दहाव्या दिवशी वाटी रिकामी झाली. ‘भूक लागली की खाईल’ असं म्हणून अडून मात्र बसू नका. मांजर दिवसभर काहीच खात नसेल, तर जुनं खाणं परत द्या आणि पशुवैद्याला फोन करा. उपाशी मांजरीच्या, त्यातही लठ्ठ असेल तर, यकृतात चरबी साठते आणि ते जिवावर बेतू शकतं.

‘त्वचा आणि केसांसाठी’ असं छापलेलं कोरडं

वाईट नाही. बहुधा त्यात ओमेगा तेलं आणि जस्त थोडं वाढवलेलं असतं. ओल्याला अजिबात तोंड न लावणारी मांजर असेल तर घ्या, पण प्रथिनांचा आकडा बघून.

घरी शिजवलेलं

प्रेमाने केलेलं, पण सर्वांत धोक्याचं. नुसत्या उकडलेल्या चिकनमध्ये कॅल्शियम नसल्यासारखंच असतं, मांजरीला खाण्यातूनच लागणाऱ्या टॉरिन या अमिनो आम्लाचीही खात्री नाही. केस चमकावेत म्हणून रोज कलेजी (यकृत) घातली, तर अ जीवनसत्त्व साठून मानेचे मणके जखडतात, आणि मान वळली नाही की मांजर अंग कसं चाटणार? कच्च्या माशांपैकी अनेकांमुळे बी१ जीवनसत्त्व नष्ट होतं, कच्च्या अंड्याचा पांढरा बलक बायोटिन हे जीवनसत्त्व अडवतो. कांदा-लसूण तर चिमूटभरही नको. दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शापर्यंत साधं शिजवलेलं मांस वरून घाला. पूर्ण आहार घरचाच द्यायचा असेल, तर पशुआहारतज्ज्ञाने लिहून दिलेल्या पाककृतीनेच.

मूत्रपिंडाचा आजार निघाला असेल, तर हे सगळं बाजूला ठेवा. तिथे फॉस्फरस कमी असलेला ठरवून दिलेला आहार आधी, केस नंतर.

काहीही निवडलं तरी एका वेळी एकच बदल करा आणि निदान सहा ते आठ आठवडे थांबा, कारण नवा केस यायलाच तेवढा वेळ जातो. दर पंधरा दिवसांनी वजन करा. त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी फोटो काढा, कारण रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही.

शाईचे दोन महिन्यांचे फोटो शेजारी ठेवले तेव्हा खांदे आणि मान पुन्हा काळीभोर दिसली, कोंडाही गेला होता. शेपटीच्या मुळाशी मात्र गुठळ्या तशाच. तिथे दुखणं कंबरेचं निघालं. आता त्यावर औषध चालू आहे, आणि संध्याकाळी पाच मिनिटं कंगवा मी फिरवते.