गच्चीवरचा पांढरा उष्णतारोधक रंग: फाल्गुन ते कार्तिक, जळगावचा अनुभव

फाल्गुनात गच्चीवर लावलेला पांढरा रंग पावसाळ्यात एका कोपऱ्यात सुटला, आणि त्याच्या हमीवरून कंपनीशी चाललेला वाद अखेर मिटला. कंपनीने एक लहान डबा विनामूल्य दिला आणि मजुरी देण्यास नकार दिला. रंग कोणता, किती लिटरला किती चौरस फूट भरतो, ही माहिती डब्यावर छापलेली असते; म्हणून ती येथे देत नाही.

प्रथम जे चांगले आहे ते सांगतो, कारण ते खरोखर मोठे आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला दुपारपेक्षा रात्र अधिक जड जाते, कारण दिवसभर तापलेला स्लॅब ती उष्णता सूर्यास्तानंतर कित्येक तास खोलीत सोडत राहतो. जुना करडा कोबा, म्हणजे स्लॅबवरचा सिमेंटचा थर, उन्हाचा जेमतेम चौथा ते तिसरा भाग परतवतो, तर नवा पांढरा थर तीन-चतुर्थांशाहून अधिक. दुपारी खोलीत फरक थोडाच जाणवला, पण रात्री जेवणानंतर पंख्याखाली बसवू लागले. पूर्वी त्याच वेळी पंखा गरम वाराच फेकत असे. कूलर पहाटेपर्यंत चालवण्याची गरज उरली नाही. वयस्कर आई-वडील वरच्या खोलीत झोपत असतील, तर एवढ्या एका कारणासाठीही हा खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे. तेलंगणाने 2023 मध्ये थंड छपरांसाठी स्वतंत्र धोरण आणले. आपल्या खानदेशाला त्याची गरज तिळमात्रही कमी नाही.

धुळीबद्दल थोडक्यात. कडक उन्हात हा थर किंचित चिकट होतो आणि धूळ धरतो, त्यामुळे वैशाखात गच्ची मळकट दिसू लागते आणि गारवाही कमी होतो. नळाला रोज पाणी येत नसताना गच्ची धुणे मनाला पटत नाही. कपडे खळबळलेले शेवटचे पाणी आणि मऊ झाडू एवढ्यावर भागते. कुरडया, पापड, बिबड्या आणि मिरच्या वाळवायच्या असतील, तर प्लास्टिकचा कागद थेट रंगावर अंथरू नये, खाट टाकून त्यावर वाळवण घालावे. मात्र खाटेच्या लोखंडी पायांखाली फळकुटे ठेवावीत, नाहीतर थर कापला जातो.

आता मूळ दुखणे. गच्चीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, पाणी उतरवणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी, कोब्याचा ढाळ उलटा होता आणि तेथे पाऊस थांबल्यावरही पाणी साचून राहत असे. काम ठरवतानाच मी ही जागा ठेकेदाराला दाखवली होती. “दोन हात जास्त मारू, पाणी आत जाणार नाही,” असे त्याने सांगितले. आषाढाच्या अखेरीस तेथे फुगे आले, आणि श्रावणात परातीएवढा पोपडा सुटून त्याखालचा ओला कोबा उघडा पडला. संपूर्ण गच्चीच्या मानाने ही जागा किती लहान, असे कोणीही म्हणेल. परंतु पाणी आत शिरते ते याच जागेतून, आणि खाली त्याच कोपऱ्यात विजेचा बोर्ड आहे.

कंपनीचा प्रतिनिधी आला, छायाचित्रे घेतली आणि हमीपत्रातील बारीक अक्षरांतले कलम दाखवले: साचलेल्या पाण्यामुळे झालेले नुकसान हमीत बसत नाही. तोवर मी रंगालाच दोष देत होतो. नंतर लक्षात आले की आमच्या रंगासारख्या ॲक्रिलिक जातीच्या थराला ऊन सोसते, वाहते पाणीही सोसते. पण सतत साचलेल्या पाण्याखाली तो मऊ पडतो आणि पकड सोडतो. विकणाऱ्यांना हे ठाऊक असते. मग ती ओळ डब्याच्या दर्शनी बाजूवर, ‘पाच वर्षांची हमी’ या शब्दांइतक्याच मोठ्या अक्षरांत का छापली जात नाही, हा माझा प्रश्न अजूनही कायम आहे.

दुरुस्ती एका जुन्या मिस्त्रींनी केली. त्यांनी पाइपाच्या तोंडाभोवतीचा कोबा फोडला, दर दहा फुटांस किमान सव्वा इंच उतार मिळेल असा ढाळ नव्याने दिला, कठड्याच्या कडेला वाटा (कठडा आणि गच्ची यांच्या कोनात गोलसर गिलावा) मारला, आणि सगळे पूर्ण सुकल्यावर जाळी बसवून त्यावर रंगाचे दोन हात दिले. परतीच्या पावसात तेथे पाणी थांबले नाही. या कामाला जो खर्च आला तो रंगाच्या खर्चापुढे किरकोळ होता, आणि तो आधी झाला असता तर पुढचे काहीच घडले नसते.

ज्यांना एवढा खर्च झेपत नाही त्यांनी चुना लावावा. नव्या चुन्याचा गारवा पहिल्या महिन्यांत या रंगाच्या जवळपास जातो, मात्र पावसात तो धुऊन जातो आणि दरवर्षी हात द्यावा लागतो. भाड्याच्या घरात मी तोच लावीन.

रंगच लावायचा असेल तर होळीच्या आसपास, स्लॅब निवलेला असताना सकाळी काम करून घ्यावे, आणि त्याआधी गच्चीवर बादल्यांनी पाणी ओतून ते कोठे थांबते तेथे खडूने खुणा कराव्यात. ठेकेदाराची शेवटची रक्कम पहिल्या मोठ्या पावसानंतरच देण्याचे कागदावर लिहून घ्यावे. आमच्या शेजाऱ्यांनी येत्या फाल्गुनातील कामासाठी तसे लिहून घेतले आहे, आणि त्यांच्या ठेकेदाराने ते मान्यही केले आहे.