दोन भागांची स्टोमा बॅग : कोणाला सोयीची, कोणाला नाही

आतड्याच्या ऑपरेशननंतर पोटावर लावायची पिशवी घ्यायला गेलं की आधी माप विचारतात. पण त्याआधी सर्जनकडून दोन गोष्टी कळायला हव्यात : स्टोमा (मळ बाहेर येण्यासाठी पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड) तात्पुरता आहे की कायमचा, आणि तो लहान आतड्याचा आहे की मोठ्या. हे न विचारता एकदम साठा करून ठेवला, तर त्यातल्या बऱ्याच पिशव्या तशाच पडून राहतात.

गुदद्वार आणि त्याचे स्नायू काढावे लागले, तर कोलोस्टॉमी (मोठ्या आतड्याचा स्टोमा) कायमची. मोठं आतडं, गुदाशय आणि गुदद्वार सगळंच काढलं, तर इलिओस्टॉमी (लहान आतड्याचा स्टोमा) कायमची. गुदाशयाचा भाग काढून आतडं खाली पुन्हा जोडलं असेल, तर कच्च्या जोडावरून मळ जाऊ नये म्हणून वर लूप इलिओस्टॉमी (लहान आतड्याचा वेढा बाहेर काढून केलेला स्टोमा) करतात. जोड नीट भरला की साधारण ८ ते १२ आठवड्यांनी ती बंद करता येते. केमोथेरपी सुरू असेल तर हे लांबतं. आतडं फुटल्यावर तातडीने केलेली हार्टमन शस्त्रक्रिया (खराब भाग काढून वरचं टोक पोटावर आणायचं, खालचं बंद करायचं) मात्र वेगळी. तीही तात्पुरती म्हणूनच सांगितली जाते, पण परत जोडायचं ऑपरेशन मोठं असतं, आणि तब्येत ते सोसणारी नसेल तर पिशवी कायमची राहते. म्हणून ‘थोड्याच दिवसांचं आहे’ म्हणत हाताला लागेल ती पिशवी घेऊ नये. त्वचा सोलवटायला दोन दिवसांची गळतीही पुरते.

आमचा कौल स्पष्ट आहे. पहिले दोन महिने दोन भागांची (त्वचेवर चिकटणारी प्लेट वेगळी, तिच्यावर कडीने बसणारी पिशवी वेगळी), प्लेट मापाने कापायची, खालून रिकामी करता येणारी आणि पारदर्शक पिशवीच घ्यावी. स्टोमाची सूज ६ ते ८ आठवडे उतरत असते. सुरुवातीला ४० मिमी भरलेला स्टोमा पुढे ३० मिमीवर येऊ शकतो. तयार भोकाची प्लेट या काळात निरुपयोगी. पारदर्शक पिशवीतून रंग दिसतो : लाल किंवा गुलाबी आणि ओलसर असला की ठीक, जांभळा-काळा पडू लागला तर त्याच घटकेला सर्जनला कळवायचं. पुसताना थोडं रक्त लागलं तर घाबरू नये.

दोन भागांचा खरा फायदा असा की प्लेट त्वचेवर ३-४ दिवस तशीच राहते आणि पिशवी तेवढी बदलता येते. त्वचा रोज ओरबाडली जात नाही. प्लेट बदलायची ती सकाळी, पोटात काही जाण्याआधी, कारण तेव्हा स्टोमा सर्वांत शांत असतो. वरून खाली सोडवायची, दुसऱ्या हाताने त्वचा दाबून धरायची. साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं करायचं. तेल किंवा मऊपणा आणणारा साबण लागला की चिकटपणा गेलाच. भोक स्टोमापेक्षा २-३ मिमीच मोठं ठेवायचं. याहून मोठं ठेवलं की मधल्या त्वचेवर मळ साचतो, आणि लहान आतड्याच्या मळातले पाचकरस ती त्वचा जाळतात. फार घट्ट कापलं तर स्टोमालाच काचतं. लूप स्टोमा लंबगोल असतो, त्यामुळे गोल भोक न कापता आधी कागदावर आकार उतरवून घ्यावा. लावण्याआधी प्लेट हातात धरून थोडी गरम करायची आणि लावल्यावर तळहाताने एक-दोन मिनिटं दाबून ठेवायची. ही दोन मिनिटं वाचवली की संध्याकाळी कडा सुटलेली असते.

पेस्टबद्दल गैरसमज फार. ती चिकटवण्यासाठी नाही, खड्डे-वळ्या भरण्यासाठी आहे, आणि अल्कोहोलवाली पेस्ट सोललेल्या त्वचेवर झोंबते. पावडर फक्त ओल्या, सोललेल्या जागी. जादा झटकली नाही तर प्लेट धरत नाही. स्टोमा पोटाच्या पातळीला किंवा आत गेला असेल, तर पेस्टच्या ट्यूबा रिकाम्या करण्यापेक्षा स्टोमा नर्सला दाखवून बहिर्वक्र (त्वचेकडे फुगीर) प्लेट आणि पट्टा घ्यावा.

उणिवाही आहेत. कडीचा भाग जाड असतो, कपड्यांतून जाणवतो. एका कंपनीची पिशवी दुसरीच्या प्लेटवर बसत नाही : कॉन्व्हाटेकच्या कडीची मापं ४५, ५७, ७० मिमी, तर कोलोप्लास्टच्या अल्टर्ना या प्रकाराची ४०, ५०, ६०. बोटांत जोर नसेल किंवा नजर अधू असेल तर कडी अर्धवट बसते आणि रात्री पिशवी निसटते. बसवल्यावर खाली हलकं ओढून पाहायलाच हवं. पिशवीवरचं, हवा सोडून वास अडवणारं कोळशाचं फिल्टर ओलं झालं की बंद पडतं. आंघोळीआधी त्यावर सोबतचा स्टिकर लावावा. हवा सोडायला टाचणीने भोक पाडू नये, वासाचा बंदोबस्त तिथेच संपतो.

कायमची, डाव्या बाजूची कोलोस्टॉमी स्थिरावली आणि मळ घट्ट येऊ लागला की दोन भागांचा आग्रह सोडावा. एकसंध, बंद तोंडाची, तयार भोकाची पिशवी पातळ आणि मऊ असते. ती दिवसातून एक-दोनदा बदलायची आणि टाकून द्यायची.

इलिओस्टॉमीला ही चालत नाही. तिथे खालून उघडणारीच हवी, आणि एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करायची. त्याहून भरली की वजनाने प्लेट ओढली जाते. दिवसाला साधारण ५०० ते ८०० मिली बाहेर पडतं. दीड लिटरच्या वर जाऊ लागलं तर शरीरातलं पाणी आणि मीठ झपाट्याने कमी होतं. अशा वेळी नुसतं पाणी पीत न राहता डॉक्टरांना फोन करावा. उलट ४-६ तास काहीच न येता कळा आणि उलट्या सुरू झाल्या, तर आतडं अडकलं असण्याची शक्यता धरून थेट हॉस्पिटल गाठावं.